नापास ठाणं

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. खोली बरी आहे — खाट, टेबल, खिडकी. खिडकीची एक काच गायब, तिथे पुठ्ठा लावलाय. पुठ्ठ्यावर पंख्याचं चित्र. या थंडीत ते नुसतं बघूनच हुडहुडी भरते!

ठाणं रस्त्याला लागून, नाका ठाण्याच्या दारातच. रस्त्यावर आडवा दांडा, कडेला वाळूची पोती, आणि पोत्यांशेजारी आजपासून आमची चिलखती गाडी. गाडीबरोबर आमचा चालक. त्याला मी पेंगुळ म्हणतो. गाडी चालू असेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसतो, बंद केली की घोरायला लागतो.

काम सोपं आहे, निदान ऐकायला. इथल्या पोलिसांना नाका नीट चालवायला शिकवायचं. महिन्यातून एकदा वरून तपासणीसाहेब येऊन परीक्षा घेणार. पास झाले की ठाणं स्वतःच्या पायावर उभं राहिलं असं धरतात, आणि आम्ही गाशा गुंडाळायचा — मी, पेंगुळ आणि गाडी. नापास झाले तर मुक्काम वाढला. माझं हे शेवटचं ठाणं. इथून थेट घर.

आणि घरी जानेवारीअखेर बाळ येतंय. म्हणजे पास व्हायची घाई कोणाला आहे ते सांगायला नको.

५ नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी फजिती. ठाणेदारांच्या खोलीत गेलो. भिंतीवर खुंट्यांची रांग, दोन खुंट्यांवर टोप्या. मी आपली माझी टोपी तिसरीवर अडकवली. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. दुभाषीबाई उठल्या, माझी टोपी काढून माझ्या हातात दिली. "इथे नाही." बस्स, एवढंच. उरलेला वेळ टोपी मांडीवर घेऊन बसलो, शाळा बदललेल्या पोरासारखा.

दुभाषीबाई पूर्वी शाळेत भूमिती शिकवायच्या. कॉलेजची वर्षं आपल्याकडे काढलीत, आपलं बोलणं चांगलं कळतं. फक्त शब्द असे जपून वापरतात की जणू उद्या मिळणार नाहीत. ठाणेदार उभे राहून, हातवारे करून, मध्येच खिडकीबाहेर बोट दाखवून बराच वेळ बोलले. मी बाईंकडे पाहिलं.

"नाही म्हणतात," बाई म्हणाल्या.

या वहीत मी मात्र सगळ्यांना घडाघडा मराठी बोलायला लावणार. वही माझी, हुकूम माझा.

९ नोव्हेंबर

माणसं कळायला लागली. ठाणेदार पन्नाशीच्या पुढचे, मिशा राखलेल्या, आवाज असा की हळू बोलले तरी नाक्यावरचा शिपाई ताठ होतो. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. मुलींचा विषय निघाला की आवाज एकदम मऊ.

आणि लंबू! नाक्यावरचा सगळ्यात उंच शिपाई. सरकारी टोपी त्याच्या डोक्याला पुरत नाही. तिरकी बसते, वाकला की पडते. पडली की उचलतो, फुंकर मारतो, परत ठेवतो. दिवसभर हाच उद्योग. मी त्याला लंबू म्हणायला लागलो. त्याने बाईंना अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, "उंच." स्वारी खूश! आता सगळं ठाणं त्याला लंबू म्हणतं, ठाणेदारसुद्धा. परदेशात येऊन केलेली माझी पहिली भरीव कामगिरी.

१३ नोव्हेंबर

शिकवणी जोरात. नियम एवढाच — एकाने ड्रायव्हरशी बोलायचं, एकाने गाडीची झडती घ्यायची, तिसऱ्याने लांब पोत्यांच्या आडोशाला उभं राहून ड्रायव्हरच्या हातांवर नजर ठेवायची. तिघांनी एकत्र जाऊन डिकीत डोकावायचं नाही. गप्पा मारायला तर अजिबात नाही.

सरावाला पेंगुळ गुन्हेगार होतो. ठाण्याची जुनी मोटार घेऊन येतो, सीटखाली काहीतरी लपवतो. आज डोळे बारीक करून, मान हलवत असा काही अभिनय केला की लंबूला हसू आवरेना. पेंगुळ फुरंगटला. म्हणे, "साहेब, हा मला गुन्हेगार मानायलाच तयार नाही."

पण झडती मात्र लंबूने अशी घेतली की पेंगुळाची सुपारीची पुडीसुद्धा सापडली. हे लोक हुशार आहेत. या महिन्यातच पास होणार!

१६ नोव्हेंबर

घरी फोन. चिमीने आधी लंबूची टोपी आज कितीदा पडली ते विचारलं. मी तिला रोज त्याच्या गोष्टी सांगतो, तिला बाबापेक्षा लंबूचंच जास्त पडलंय. मग म्हणाली, "बाळाचं नाव मी ठरवलंय. तुम्ही आलात की सांगीन." दहा वर्षांची पण नाही आणि वाटाघाटी बघा!

मग ही. म्हणाली, "येणार ना?"

"येणार."

"चिमीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

खरं आहे. चिमी झाली तेव्हा मी डोंगरात चौकीवर. घरी गेलो तेव्हा ती बसायला लागली होती. मला बघून तिने असं भोकाड पसरलं, हिच्या खांद्यात तोंड खुपसलं, काही केल्या बघेना. आई म्हणत होती, "अगं, बाबा आहेत तुझे." मी हसत होतो. आतून रडू येत होतं ते कोणाला कळू दिलं नाही.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. बाळाला पहिल्या दिवसापासून माझं तोंड माहीत पाहिजे.

२१ नोव्हेंबर

परीक्षा. नापास. नापास म्हणजे काय, धुव्वा!

तपासणीसाहेब आले — चष्मा, हातमोजे, सगळं नीटनेटकं. पेंगुळ मोटार घेऊन आला. तिघांनी मिळून त्याला गराडा घातला, हात मिळवले, बायकोमुलांची चौकशी केली. पोत्यांमागे कोणीच नाही. लंबूने डिकी उघडली, आत स्वतःची काठी ठेवली आणि डिकी बंद केली. मग काठी शोधायला लागला. सीटखाली मी ठेवलेली पेटी कोणी पाहिलीसुद्धा नाही. मोटार पुढे गेली, डिकीत काठी घेऊन. लंबू मागून धावला, टोपी पडली.

तपासणीसाहेब माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

२२ नोव्हेंबर

आज सराव घेतला. एकही चूक नाही. मी कपाळावर हात मारला.

३ डिसेंबर

बर्फ पडला. पेंगुळाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गाडीच्या टपावर चढून फोटो काढून घेतले, मग घसरून खाली. हाड शाबूत आहे, अब्रू गेली. लंबूने त्याला उचलून ठाण्यात आणलं, अगदी लहान मुलाला आणतात तसं. पेंगुळ दिवसभर त्याच्याशी बोलत नव्हता. संध्याकाळी दोघं एकाच मगातून कॉफी पीत होते.

सराव उत्तम चाललाय. या वेळी काळजी नाही.

१२ डिसेंबर

परत नापास.

या वेळी आडवा दांडा तपासणीसाहेबांच्या स्वतःच्या मोटारीच्या बॉनेटवर आदळला. दांडा ठाणेदारांच्या हातात होता! ते चेहऱ्यावरची माशीही न हलवता उभे. साहेब उतरून पोचा बघत होते, तेवढ्यात पेंगुळ मोटारीतून नाका ओलांडून गेला, कोणी हातसुद्धा दाखवला नाही.

मी बाईंना म्हटलं, "ठाणेदारांना विचारा, परीक्षा आली की यांच्या अंगात काय येतं?" ठाणेदार बराच वेळ बोलले. बाई म्हणाल्या, "वाईट वाटतं म्हणतात."

मी हात टेकले. आता उरली जानेवारीची परीक्षा. ती गेली तर बाळाचं तोंड फोनवरच बघायचं. हिला अजून सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर

तापाने झोपलोय. पेंगुळाला औषधं आणायला गाडी घेऊन शहरात पाठवलं. खाली नाक्यावर मी नाही, गाडी नाही.

दुपारी सहज पुठ्ठा बाजूला सारून खिडकीतून पाहिलं. एक ट्रक येत होता. मनात म्हटलं, आता तमाशा बघू या. आणि बघतच राहिलो. एक शिपाई ड्रायव्हरपाशी, अगदी मी सांगितलं तेवढ्याच अंतरावर. लंबू झडतीला — चाकांमागे, टाकीखाली, सीटमागे, काही सोडलं नाही. टोपी पडली तर उचलायला वाकला नाही, पायाने बाजूला केली. ठाणेदार स्वतः पोत्यांमागे, नजर ड्रायव्हरच्या हातांवर. ट्रक गेला. मग दुसरा, तसाच. कोणी बघत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. मी शिकवलंय त्याच्याहून चांगलं!

म्हणजे हे मुद्दाम नापास होतायत. ताप उतरला की काय कोण जाणे, पण डोकं चांगलंच तापलं.

१८ डिसेंबर

ठाणेदारांसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "काल खिडकीतून सगळं पाहिलं. मला मूर्ख का बनवताय?"

ते बोलायला लागले. आज हातवारे नाहीत. आणि बाईंनी आज पहिल्यांदा वाक्यामागून वाक्य सगळं सांगितलं. उतरवून ठेवतो.

"तुमची गाडी यायच्या आधी या नाक्यावर डोंगरावरून गोळ्या यायच्या. कधी सकाळी, कधी जेवायच्या वेळी. या दोन टोप्या माझ्या माणसांच्या. एक खिडकीपाशी बसून केस विंचरत होता. दुसरा त्याला ओढून आणायला गेला. तुमची गाडी आली त्या दिवसापासून एक गोळी आलेली नाही. आम्ही पास झालो की गाडी जाणार. मग मी पास का व्हायचं? माझ्या घरात हसतात लोक मला. माझा धाकटा जावई पोलीस आहे, दांडा बॉनेटवर टाकला म्हणून त्याने फोन करून चिडवलं. चिडवू दे."

मी खुंट्यांकडे पाहिलं. पहिल्या दिवशी मी माझी टोपी कुठे अडकवायला निघालो होतो! मला इतकी लाज वाटली की बसवेना. उठून दोन्ही टोप्यांना सलाम केला. दुसरं काय करणार?

राग कधी गेला कळलंच नाही.

१९ डिसेंबर

ठरलं. मी गप्प बसणार. जानेवारीतही नापास. पास होईपर्यंत गाडी इथेच राहील, आणि मीही.

घरी फोन केला. दुपारची वेळ, ठाण्याच्या मागच्या अंगणात उभा होतो. हिला म्हटलं, "नाही जमणार ग." मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "चिमीला तुम्हीच सांगा." चिमीला दिलं. मी लंबूच्या टोपीची गोष्ट सांगितली आणि ठेवून दिला. बाबा म्हणून मी काही फार शूर नाही.

वळलो तर बाई मागे उभ्या. कपडे वाळत घालत होत्या. काही ऐकलं नाही असा चेहरा.

२ जानेवारी

नापास व्हायचा सराव! हसून हसून पोट दुखलं.

मी ठाणेदारांना म्हटलं, "दर वेळी एवढा गोंधळ घातला तर साहेबांना संशय येईल. थोडंच चुकायचं. काठावर नापास." मग बसवून दिलं. पोत्यांमागचा शिपाई उशिरा पोचेल. लंबू सीटखाली बघायला विसरेल. बस्स. लंबूला विसरायला जमेना! दर वेळी हात सीटखाली जातोच. चार वेळा करून घेतलं तेव्हा कुठे विसरला. मीच शिकवलेलं मीच पुसत होतो.

पेंगुळ म्हणाला, "साहेब, मी शाळेत असताना तुम्ही कुठे होतात? मला हे न शिकवताच यायचं."

ठाणेदार हसले. मिशांखाली दात आहेत हे आज कळलं.

९ जानेवारी

काय लिहू.

तपासणीसाहेब आले. पेंगुळ मोटार घेऊन आला. लांबचा शिपाई वेळेवर पोत्यांमागे. मला वाटलं, घाबरून विसरला असेल. लंबू झडतीला लागला. मी खोकलो. त्याने पाहिलं नाही. परत खोकलो. त्याने सीटखाली हात घातला, पेटी काढली, वर धरली — आणि माझ्याकडे बघून डोळा मारला! टोपी पडली.

साहेबांनी मुद्दाम दुसरी मोटार पाठवली. तीही पकडली. तिसरी न थांबता पळायला गेली तर ठाणेदारांनी दांडा असा अलगद खाली आणला की चाकापुढे बरोबर अडवली, बॉनेटला धक्का नाही. साहेबांनी टाळी वाजवली, हातमोज्यांसकट.

मी साहेबांना म्हटलं, "अजून कच्चे आहेत, आणखी एक महिना द्या." ते म्हणाले, "तुम्ही फार कडक आहात. उत्तम काम केलंत." आणि पास.

मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. हे मात्र इथे लिहून ठेवतो.

नंतर ठाणेदारांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "हे काय केलंत?" ते थोडंच बोलले, आणि बाई बराच वेळ बोलत राहिल्या. म्हणजे बाकीचं बाईंचं होतं.

"माझ्या दोन्ही मुली झाल्या तेव्हा मी या नाक्यावर होतो. दुसरीच्या वेळी तर घर इथून दिसत होतं." इथवर ठाणेदार. पुढे बाई — "तुमचा फोन मी ऐकला, मी सांगितलं ठाणेदारसाहेबांना. त्यांनी सगळ्यांना जमवून विचारलं. ज्याला नको त्याने नको म्हणा, कोणी काही बोलणार नाही. पहिला हात लंबूने वर केला. बाकी सगळ्यांचे त्याच्या खांद्याखालीच होते."

मी तिथेच रडलो. ठाणेदारांनी खिडकीबाहेर बघायचं काम काढलं.

१६ जानेवारी

निघालो. वाळूची पोती दुप्पट करून दिली, डोंगराकडच्या बाजूला भिंतच उभी केली. पेंगुळ आणि लंबूने मिळून रचली. खिडकीपाशी कोणी बसायचं नाही, हे ज्याला त्याला बजावलं. वर कळवलं की गाडी लवकर परत पाठवा. "बघतो," म्हणाले.

गाडी सुरू झाली. लंबू दांडा वर करून उभा. मी आत बसून बघत होतो. त्याने दुसऱ्या हाताने टोपी डोक्यावर दाबून धरली आणि सलाम करायला तिसरा हात नाही म्हणून नुसती मान हलवली. पेंगुळ वळणापर्यंत आरशात बघत होता. नंतर शहर येईपर्यंत एकदाही जांभई दिली नाही.

२० जानेवारी

घर! चिमीने उंबऱ्यातच अडवलं, एक हात पुढे करून. "कुठून आलात? गाडीत काय आहे?" फोनवर सगळं शिकून बसलीय. झडतीत चॉकलेटं सापडली, जप्त.

ही खुर्चीत बसून होती, उठवत नव्हतं. मी जवळ गेलो. म्हणाली, "वाळलात." आणि हात धरला तो सोडलाच नाही.

२८ जानेवारी

मुलगी! पहाटे. मी दारात हजर होतो. नर्सने बाहेर आणून माझ्या हातात दिली. डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं आणि रडली नाही. रडली नाही! आईला चारचौघांत उचलून घेतलं, ती म्हणाली, "अरे, पडशील."

नर्स म्हणाली, "लांबुडकी आहे हो." चिमीने पाळण्यात डोकावून पाहिलं आणि इतके दिवस लपवलेलं नाव एकदाचं फोडलं. लंबू! ही म्हणाली, "बारशाला खरं नाव ठेवू, तोवर चालू दे." चिमी म्हणाली, खरं नाव हेच.

२ फेब्रुवारी

बाईंना बाळाचा फोटो पाठवला, नावासकट. उत्तरादाखल लंबूचा फोटो आला. छाती काढून उभा, टोपी तिरकी, मागे आमची पोत्यांची भिंत. खाली बाईंचा एक शब्द — "खूश."

चिमीने तो फोटो पाळण्याला चिकटवलाय.

६ फेब्रुवारी

बाळ रात्रभर जागं, मी रात्रभर जागा. ही म्हणते, हौस होती ना? होती! अजून आहे.

११ फेब्रुवारी

बाईंचा निरोप आला. "लंबूची टोपी तिसऱ्या खुंटीवर आहे. साहेब विचारतात, बाळ नीट झोपतं का."

फोन हातात धरून बसलो. आत चिमी पाळणा हलवत होती, "लंबू, डोळे मीट. लंबू, मीट ना."

मग लिहिलं — झोपते.